निळोबाच्या कांजिण्या

आमच्या मागच्या खोलीत, शिवणयंत्र होतं त्या टेबलावर, एक काचेची टाकी आहे. तिच्यात वाळू नाही, खडक नाही, शोभेचं काहीच नाही. प्लंबरकडून आणलेले पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो, हीटर, स्पंज फिल्टर, आणि मागच्या काचेला बाहेरून चिकटवलेला काळा कागद. बस्स. मासेवाल्यांच्या भाषेत ही 'क्वारंटाइन टाकी'. आई तिला इस्पितळ म्हणते. पाहुणे आले की हॉलमधली सहा फुटी टाकी दाखवायची, चहा द्यायचा आणि इस्पितळाचं दार ओढून घ्यायचं, अशी आमची रीत.

हॉलमधली टाकी खाऱ्या पाण्याची. हे वेड कुठून लागलं ते मला नेमकं माहीत आहे. सात-आठ वर्षांची असताना बाबांनी चर्नी रोडला उतरवून तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. १९५१ साली उघडलेलं ते मत्स्यालय तेव्हाही जुनाट, ओलसर आणि अंधारंच होतं, पण त्या अंधारात एकेक काच उजळलेली असायची आणि आत रंग हलत असायचे. मी एका काचेला नाक लावून उभी राहिले ती बाबांनी ओढून नेईपर्यंत. पुढे नोकरी, लग्न, मुलगा, कर्ज फिटणं, असं सगळं झालं आणि चाळिशी उलटल्यावर मी टाकी घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वजन विचारलं. मी पाण्याचं सांगितलं, खडकांचं सांगितलं नाही.

पहिल्याच वर्षी एक सुंदर मासा पिशवीतून थेट त्या टाकीत सोडला. नऊ दिवसांत सात मासे गेले. कुठला आधी गेला हे आठवतं, शेवटचा कुठला ते आठवत नाही. ते आठवायला नकोच असतं. त्यानंतर टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवली. दिवे लागायचे, पंप चालायचा, गोगलगायी काचेवरून फिरायच्या आणि घरातलं कुणी त्या बाजूला बघायचं नाही. इस्पितळ आलं ते तेव्हा.

निळोबा आला गेल्या आषाढात. 'पावडर ब्लू टँग' हे त्याच्या जातीचं बाजारातलं नाव. निळोबा हे आईनं ठेवलेलं. हा आपल्या हिंदी महासागराचा मासा. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका या बाजूच्या प्रवाळांवर दिवसभर शेवाळ खरवडत फिरणारा. अंग आकाशी, तोंड काळं, हनुवटीखाली पांढरा पट्टा, पाठीवर हळदीचा पिवळा पर. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा, म्हणून या कुळाला सर्जनफिश म्हणतात. आणि आजारांच्या बाबतीत इतका कुप्रसिद्ध की 'व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) चालत येईल, पण टँगकडे येईल' असं आमच्यात थट्टेनं म्हणतात. खरं सांगायचं तर नवशिक्यानं घेऊच नये आणि जाणत्यानं दोनदा विचार करावा असा हा मासा. मी दोनदा विचार केला आणि घेतला. दुकानदार म्हणाला, "एकदम हेल्दी पीस आहे, ताई." त्याचंही काही चुकलं नव्हतं. दुकानात तो हेल्दीच दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी परांवर मीठ सांडल्यासारखं दिसलं. मी चष्मा पुसला. मीठ तिथंच होतं. छातीजवळच्या परावर चार कण, शेपटीवर सहा-सात, डोळ्याच्या कडेला एक. मासा पाइपापाशी जायचा, अंग तिरकं करायचा आणि झटक्यानं घासून पुढे जायचा, जशी म्हैस खांबाला अंग घासते. मोबाइलवर सेकंद लावून मी कल्ल्यांची उघडझाप मोजायला बसले. मासा स्थिर राहत नाही, त्यामुळे दर वीस मोजले की चुकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी मोजणी पुरी झाली: मिनिटाला १४०. आदल्या दिवशी नव्वदच्या आसपास होती.

आई मागून डोकावली. "अगो, याला कांजिण्या आल्यात की!"

मी हसले, पण तिची नजर बरोबर होती. मला कांजिण्या आल्या तेव्हा आम्ही गुहागरला होतो. आजीनं दारावर कडुलिंबाचा डहाळा लावला, माझी चटई वेगळी, भांडं वेगळं, घरात फोडणी बंद. मला त्या कोपऱ्यातल्या खोलीचा राग यायचा, कारण अंगणात भावंडं खेळत होती आणि मला खिडकीच्या गजांतून बघायला लागायचं. आजी रोज संध्याकाळी लिंबाचा पाला अंगावरून फिरवायची आणि फोड बघायची. "खपल्या धरल्या. आता पडल्या की सुटलीस." एक दिवस खपल्या पडल्या आणि मी खरंच सुटले. हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी इतकं खोल बसलं होतं की पुढे त्यानंच घात केला.

माशाच्या या कांजिण्यांचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. 'इरिटन्स' म्हणजे त्रास देणारा, आणि 'क्रिप्टोकॅरिऑन' म्हणजे ज्याचं केंद्रक लपलेलं आहे असा. हे नाव पडलं १९५१ साली, म्हणजे तारापोरवाला उघडलं त्याच वर्षी. याला मी उगाच महत्त्व देते, पण देते. हा एकपेशीय जीव. दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून जेवत बसलेला एक परजीवी. तो तीन ते सात दिवस माशावर जेवतो, मग बहुधा रात्री, अंधारात, गळून तळाशी जातो. तिथं काचेला, वाळूला, पाइपाला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतो. त्या एका कवचातून शे-दोनशे पिल्लं बाहेर येतात, तीही बहुतेक पहाटेच्या अंधारात, जेव्हा मासा एका जागी झोपलेला असतो. पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. पण पेटीएवढ्या पाण्यात मासा न सापडायला झालंय काय? समुद्रात हीच पिल्लं अफाट पाण्यात पांगतात आणि म्हणून तिथं हा रोग सहसा जीवघेणा ठरत नाही. तो जीवघेणा झाला आपण चार काचा जोडल्यावर.

म्हणजे ठिपका गळणं हे बरं होणं नव्हे. ठिपका गळतो तेव्हा रोग बाळंतपणाला गेलेला असतो. हे मी वाचलं होतं. वहीत लिहून ठेवलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती.

औषध ठरलेलं: तांबं. त्याआधी मी क्लोरोक्विन मिळतं का बघायला औषधाच्या दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी मागितली, मग विचारलं, "मलेरिया कुणाला झालाय?" मी म्हटलं, "माशाला." त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चिठ्ठी नव्हती, त्यामुळे विषय तिथंच संपला. मी तांब्याचं तयार द्रावण मागवलं. आईनं बाटली उजेडात धरली. निळं पाणी बघून म्हणाली, "हे मोरचूदच ना?"

मोरचूदच. पावसाच्या तोंडावर आमच्या पोफळींवर जे फवारायचे तेच. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आईला सगळं पाठ होतं. पोफळीवर चढणारा गडी, कमरेला बांधलेली दोरी, अंगणात निळे झालेले दगड. आणि एक परीक्षा: कोयत्याचं पातं मिश्रणात बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुना कमी पडलाय, पाला जळेल. "तसं बघ ना बुडवून," ती म्हणाली. मी कागदावर हिशेब मांडला. फवाऱ्याच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅम तांबं. माझ्या टाकीत हवं होतं लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. पंचाहत्तर लिटर पाण्याला मोरचुदाचे साठ मिलिग्रॅमसुद्धा पुरले असते. चिमटीत धरायला गेलं तर तेवढं बोटालाच लागून राहील. कोयत्यावर काय चढणार?

पण गंमत अशी की परीक्षा तीच होती. तांबं कमी पडलं तर पिल्लं मरत नाहीत. जास्त झालं तर मासा मरतो. ०.१५ च्या खाली उपयोग नाही, ०.२० च्या वर भीती. आणि ते एकदा टाकून विसरण्यासारखं नाही. चुनखडीचे खडक, वाळू तांबं शोषून घेतात, म्हणून टाकी उघडीबोडकी ठेवायची. तरीही पातळी उतरतेच, म्हणून रोज नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवून बघायचा. याच तांब्यानं कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ पटापट मरतात, म्हणून मोठ्या टाकीत ते टाकता येत नाही. पाण्यात अमोनिया वाढला तर एरवी जे द्रावण घालून तो बांधता येतो, ते तांब्यासोबत चालत नाही. मग पाणी बदलायचं. बदललं की तांबं पुन्हा मोजायचं. ऑफिसात मी ताळेबंद जुळवते. तो एकदा जुळला की वर्षभर जुळलेला राहतो. हा रोज सकाळी मोडायचा.

पाचव्या दिवशी ठिपके गेले. एकही उरला नाही. निळा रंग असा दिसत होता की आत्ताच कुणी ओल्या फडक्यानं पुसलाय.

पण तो खात नव्हता. तांब्यानं भूक मरते. नोरीचा तुकडा, म्हणजे जपानी लोक भाताला गुंडाळतात तो समुद्री पाला, क्लिपला लावून काचेवर ठेवायची. तो जवळ यायचा, बघायचा, वळायचा. लसणाच्या रसात भिजवून दिला, तरी तेच. पोट आत जायला लागलं. समोरून बघितलं तर डोळ्यांच्या वरचा भाग चिमटल्यासारखा दिसत होता. सातव्या दिवशी आई म्हणाली, "खपल्या पडल्या ना? मग आता कशाला त्याला ते विष?" आणि मला आजीचा आवाज ऐकू आला. आईवर ढकलण्यात अर्थ नाही. ती बोलली नसती तरी मी तेच केलं असतं. माझाच हात शिवशिवत होता. वहीत रेघ मारलेलं वाक्य होतं, आणि समोर उपाशी मासा होता. आठव्या दिवशी मी तांबं काढून टाकायला फिल्टरात कार्बन टाकला, निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं. दहाव्या दिवशी निळोबानं नोरीचा लचका तोडला. आईनं त्या आनंदात शिरा केला.

तांबं निदान चौदा दिवस, बऱ्याच जणांच्या मते तीस दिवस सलग ठेवायचं असतं, कारण तळाशी चिकटलेली कवचं एकदम फुटत नाहीत. कुणी तिसऱ्या दिवशी फुटतं, कुणी अठ्ठाविसाव्या. ती कवचात असेपर्यंत तांबं त्यांचं काही करू शकत नाही. बाहेर आली की मारतं. मी पहारेकरी उठवून नेला होता आणि चोर अजून माळ्यावर होते.

सतराव्या दिवशी मीठ परत आलं. या वेळी मोजण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री मी टाकीपुढे खुर्ची टाकून बसले. बाहेर धो धो पाऊस. अडीचच्या सुमारास लाइट गेली आणि स्पंज फिल्टरची बुडबुड थांबली. घरातला एखादा आवाज रोज इतका चालू असतो की तो थांबल्यावरच तो होता हे कळतं. बॅटरीवरचा एअर पंप लावला, टॉर्च भिंतीकडे वळवून ठेवला, म्हणजे अंगावर उजेड पडू नये. निळोबा पाइपाच्या तोंडाशी आडवा झाला होता. रात्री या माशांचा रंग उडतो, अंगावर फिकट डाग येतात. दिवसा बघितलेला मासा हाच का, असं वाटावं. कल्ले भराभर. मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मोजून काय करणार होते? आकडा कळला असता. माझ्या मुलाला लहानपणी न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी श्वास मोजायला शिकवलं होतं. तेव्हाही मी रात्रभर मोजले आणि सकाळी कागदावर आकड्यांची रांग होती. तिचा कुणालाही काही उपयोग झाला नाही. माझा मात्र वेळ गेला.

आणि एक विचार येत होता, तोही लिहिते. हा मासा कुणीतरी प्रवाळावरून पकडून आणला. तिथं त्याला हा रोग असेलही, अंगावर दोन ठिपके घेऊन तो आयुष्य काढत असेल. क्लाउनफिशची पैदास आता माणसाच्या हाताखाली होते. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम, विळिंजमला ती कधीच साधली. माझ्या टाकीतले दोन्ही क्लाउन हॅचरीत जन्मलेले. पण टँगचं तसं नाही. दुकानात दिसतो तो जवळपास प्रत्येक पावडर ब्लू समुद्रातून उचललेला. मी त्याला बरं करत होते हे खरं, पण आजारी पडायला जागाही मीच दिली होती.

सकाळी ठरवलं, पुन्हा तांबं नको. पोटात काही नाही, तो टिकायचा नाही. दुसरी एक रीत आहे, औषधाशिवायची. नुसती पाठलागाला चकवायची. गळलेला परजीवी कवच करून फुटायला निदान तीन दिवस घेतो. मग दर तीन दिवसांनी मासा नव्या, कोरड्या, स्वच्छ टाकीत हलवायचा आणि जुनी टाकी, पाइप, हीटर सगळं धुऊन खडखडीत वाळवायचं. पिल्लं जन्मतील तेव्हा घर रिकामं. चार वेळा हलवलं की अंगावर उरलेले सगळे कुठल्या ना कुठल्या जुन्या घरी गळालेले असतात. बारा दिवसांचं काम.

साठ लिटरचे दोन प्लॅस्टिकचे टब आणले. दर वेळी नवं पाणी, म्हणजे सव्वादोन किलो मीठ. हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे, पाकिटातलं, समुद्राच्या पाण्यात जे जे असतं ते मोजून घातलेलं. ठाण्यात राहून, खाडी पलीकडे दिसत असताना मी बादलीत समुद्र ढवळत बसते, याचं आईला आजही हसू येतं. पावसाळ्यातलं खाडीचं पाणी दाखवायला तिला एकदा खिडकीशी नेलं होतं. तरीही.

खरी पंचाईत वाळवण्याची. आषाढात ऊन कुठून आणायचं? आमचे कपडेच चार दिवस वाळत नव्हते. टब व्हिनेगरनं पुसायचा, मागच्या खोलीत उपडा घालायचा, पंखा पाचवर. पाइपाच्या आतून हेअर ड्रायर. घरात लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास. तांबं नसल्यामुळे या वेळी अमोनियासाठी द्रावण घालता येत होतं, तेवढाच दिलासा.

हलवायचं पहाटे, दिवे लावायच्या आधी, कारण रात्री गळायचे ते गळून गेलेले असतात. जाळी वापरायची नाही. शेपटीचा काटा जाळीत अडकतो आणि मासा फाटतो. पहिल्या दिवशी पाच वाजता मी भांडी धुंडाळत होते तेव्हा आईनं स्वतःची तांदळाची प्लॅस्टिकची चाळण पुढे केली. ती चाळण ती मला पोहे चाळायलाही देत नाही. "परत मागणार नाही," म्हणाली. एका हातानं पाइप सावकाश वर, दुसऱ्या हातानं चाळण खाली. निळोबा पाइपातून निघून चाळणीत आला, पाणी निथळलं आणि सेकंदभर तो माझ्या हातात हवेत होता. ओला, निळा, चपटा, तळहाताएवढा, तोंड उघडझाप करणारा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काच मध्ये नव्हती. मग दुसऱ्या टबात. तो गर्रकन एक फेरी मारून नव्या पाइपात शिरला.

चौथ्या दिवशी पुन्हा. सातव्या, दहाव्या. तिसऱ्या खेपेला त्यानं काट्यानं माझ्या अंगठ्याला चीर पाडली. मीठ लागून अशी झोंबली की मी ओरडले आणि शेजारच्या खोलीतून आईनं विचारलं, "कुणाला लागलं?" मला म्हणायचं होतं की मला लागलंय, पण मी म्हणाले, "त्याला नाही."

सातव्या दिवसानंतर ठिपके नव्हते. दोघींपैकी कुणीही त्यावर बोललं नाही. आईनं खपल्यांचं नाव काढलं नाही, शिरा केला नाही. दहाव्या दिवशी त्याला शेवटचं हलवलं, बाराव्या दिवसापर्यंत काही दिसलं नाही. मग धुतलेल्या इस्पितळात अजून चार आठवडे नुसतं बघत राहणं. तो खात होता. नोरीचं पान सकाळी लावलं की ऑफिसला निघेपर्यंत फडशा. पोट भरलं, डोळ्यांवरचा चिमटा गेला.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, त्याला हॉलमधल्या टाकीत सोडलं. सहा फूट पाणी, खडकांच्या कपारी, शेवाळ, क्लाउनफिशची जोडी. मला वाटलं आता हा फिरत सुटेल. तो मागच्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभा राहिला. एक दिवस, दोन दिवस. एकाही कपारीत शिरेना. खायलाही पुढे येईना. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "त्याचं ते नळीचं घर दे त्याला."

मी प्लंबरकडून नवा कोरा एल्बो आणला, धुतला आणि जांभळ्या-गुलाबी खडकांच्या मधोमध ठेवला. पाच मिनिटांत तो आत होता.

पाइप अजून तिथंच आहे. आता त्यावर शेवाळ धरलंय, अक्षरं मात्र वाचता येतात. निळोबा दिवसभर टाकीभर हिंडतो, क्लाउनना दमात घेतो आणि दिवे मालवायच्या आधी त्या पांढऱ्या नळीत जातो. पाहुणे विचारतात, एवढी सुंदर टाकी आणि हा पाइप कशाला, फिल्टरचा आहे का? आई परस्पर हो म्हणते.